थरांच्या सिरॅमिकमधले अंतर्गत ताण आणि तडे

वेगवेगळ्या सिरॅमिकचे पातळ थर एकावर एक रचून एकत्र भाजले की भट्टीतून जो तुकडा निघतो त्यात बाहेरून काहीच जोर नसला तरी ताण साठलेला असतो, यालाच अंतर्गत किंवा अवशिष्ट ताण म्हणतात, आणि तडा कुठे सुरू होणार, कुठे अडणार, कुठे वळणार हे बरंचसं त्याच्यावरच ठरतं.

अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि झिर्कोनिया (झिर्कोनियमचा ऑक्साइड) या दोन सिरॅमिकचे थर घ्या. भाजणी साधारण 1500 अंश सेल्सिअसला होते, तेवढ्या उष्णतेत पदार्थ थोडाफार सरकतो म्हणून ताण टिकत नाही, पण थंड होताना 1200 च्या आसपास सगळं जखडतं आणि तिथून पुढे प्रत्येक थर आपापल्या हिशोबाने आकसायला बघतो. अ‍ॅल्युमिना दर अंशाला दहा लाखात साधारण 8 भाग आकसतो, झिर्कोनिया 10 ते 11. फरक किरकोळ वाटतो ना? पण खोलीच्या तापमानापर्यंत येईतो तो 0.3 टक्क्यांच्या घरात जातो, आणि हे पदार्थ इतके ताठ की ताण शेकडो मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) होतो. झिर्कोनिया ओढला जातो, अ‍ॅल्युमिना दाबला जातो.

खरी गंमत पुढे आहे. बाहेरून जोर नसल्याने ओढ आणि दाब यांची एकूण बेरीज शून्यच असते, म्हणजे एका थराला दाब दिला की दुसऱ्याच्या वाट्याला ओढ येणारच, आपल्या हातात उरतं ते जाडीचं प्रमाण. दाबाचे थर पातळ आणि ओढीचे जाड ठेवले की दाब जबरदस्त मिळतो आणि ओढ फार वाढत नाही. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेड लँग यांच्या गटाने 1999 मध्ये दाखवलं की अशा रचनेत जाड थरात निघालेला तडा दोन्ही बाजूंच्या दाबाच्या थरांपाशी अडतो आणि ठराविक भाराच्या खाली तुकडा तुटतच नाही, मग त्या थरातला मूळचा दोष लहान असो की मोठा. एरवी एखाद्या बारीकशा दोषाने दगा देणाऱ्या सिरॅमिकसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण दाबाचा थर जाड केला तर उलटंच होतं. तुकड्याच्या उघड्या कडेला त्या थरात जाडीच्या दिशेने ओढ तयार होते आणि थराच्या मधोमध, थराला समांतर असा तडा कडेवरून आत शिरतो. ताण दुप्पट केला तर सुरक्षित जाडी चौपट कमी होते, त्यामुळे नुसता दाब वाढवत राहणं चुकीचंच. ओढीच्या थरात ओढ फार झाली तर तो थर जाडीतून आरपार चिरत जातो, ओळीने तडे पडतात.

कपाच्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, दिसणारी बारीक जाळी हाच प्रकार: ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली की ओढीत जाते आणि चिरते. कधी कधी माती हळूहळू ओलावा शोषून फुगते आणि जाळी काही महिन्यांनी, वर्षांनी उमटते. ग्लेझ फारच कमी आकसली तर दाबाने कडेवरून टवके उडतात. दातांच्या झिर्कोनिया क्राऊनवरच्या पोर्सेलिनचेही टवके उडतात, आणि तिथे आकसण्याचा मेळ बसला तरी घाईने थंड केल्यावर ताण अडकतो, म्हणून शेवटच्या भाजणीनंतर क्राऊन सावकाश थंड करतात.