कंपनी विकली गेली, आता सॉफ्टवेअरचं काय?

गोव्यात फोंड्यातल्या एका पतसंस्थेत अगदी अलीकडेपर्यंत ठेवींचा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालायचा. निळा स्क्रीन, माउसला काम नाही, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर. पावसाळ्यात वीज गेली की इंडेक्स फाइल, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायची. काउंटरवरच्या बाई रांगेतल्या माणसाला ‘पाच मिनिटं हां’ म्हणायच्या, ती सूची पुन्हा बनवायच्या (रीइंडेक्स) आणि पुढची पावती फाडायच्या. प्रोग्राम लिहून देणारे म्हापशाचे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले होते. फॉक्सप्रोच्या मालकानेही त्यातून अंग काढून घेतलं होतं.

कंपनी विकली गेली आणि वापरातलं सॉफ्टवेअर बंद झालं, ही तक्रार आज मोठ्या कारखान्यांपासून हॉटेलांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिची मुळं तीसेक वर्षं मागे जातात.

फॉक्सप्रो हे डीबेस या आधीच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या वळणाचं. डीबेस बनवणारी अ‍ॅश्टन-टेट १९९१ मध्ये बोर्लंडने घेतली आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली. त्याच १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डेटाबेस पॅकेज अ‍ॅक्सेसही बाजारात आलं. एका घरात सारख्या कामाची दोन उत्पादनं असली की दोघांवर प्रोग्रामर पोसणं मालकाला जड जातं, आणि बहुतेक वेळा बाहेरून आलेलं मागे पडतं. तरी फॉक्सप्रो सावकाश संपलं. पुढची आवृत्ती निघणार नाही हे २००७ मध्ये जाहीर झालं आणि सपोर्ट जानेवारी २०१५ पर्यंत मिळाला. त्यानंतरही आपली पतसंस्था चालत राहिली, कारण खात्यांच्या नोंदींची डीबीएफ फाइल तिच्याच कपाटातल्या मशीनवर होती आणि प्रोग्राम चालवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

ग्राहकांची खरी घालमेल जगाने पाहिली ती २००३ मध्ये. कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पीपलसॉफ्टने त्याच धंद्यातली जे. डी. एडवर्ड्स घेण्याचा करार जाहीर केला आणि चारच दिवसांत त्यांच्या प्रतिस्पर्धी ओरॅकलने पीपलसॉफ्टवरच बोली लावली, तीही पीपलसॉफ्टच्या संचालकांच्या मनाविरुद्ध. पीपलसॉफ्टची उत्पादनं नव्या ग्राहकांना विकण्यावर भर देणार नाही, असं ओरॅकलचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी सांगून टाकलं. पगार, हजेरी, खरेदी ज्यावर चालते तेच बुडणार म्हटल्यावर नवे ग्राहक सही करेनात. तेव्हा पीपलसॉफ्टने करारात कलम घातलं: कंपनी विकली गेली आणि सपोर्ट कमी झाला, तर लायसन्सच्या किमतीच्या दोन ते पाच पट रक्कम परत. अमेरिकी न्याय खात्याने खटला भरला, तो सप्टेंबर २००४ मध्ये ओरॅकलने जिंकला, आणि जानेवारी २००५ मध्ये १०.३ अब्ज डॉलरला व्यवहार पूर्ण झाला. गंमत म्हणजे पीपलसॉफ्ट मेलं नाही. जुने ग्राहक दरवर्षी भरतात ती एएमसी, म्हणजे देखभालीची वार्षिक रक्कम, हीच विकत घेतलेल्या कंपनीची खरी कमाई, हे ओरॅकलला कळलं होतं. २०१३ पर्यंत सपोर्टचं आश्वासन मिळालं आणि पुढे ते वाढत गेलं.

ती कमाई दुसऱ्या तऱ्हेनेही वसूल करता येते. ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये सीए ही सॉफ्टवेअर कंपनी, २०१९ मध्ये सिमँटेकचा कंपन्यांसाठीचा व्यवसाय आणि २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर घेतलं. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवायचं सॉफ्टवेअर ही व्हीएमवेअरची ओळख. तीन आठवड्यांच्या आत व्हीएमवेअरचं कायमचं लायसन्स विकणं बंद झालं. सुटी उत्पादनं मोजक्या गठ्ठ्यांत बांधली गेली आणि वर्गणी भरणं भाग पडलं. त्यातलं मोफत मिळणारं मूळ सॉफ्टवेअर ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतलं, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दिलं. जुन्या लायसन्सवरच्या सपोर्टच्या हक्कासाठी एटी अँड टीसारखी बलाढ्य अमेरिकी टेलिफोन कंपनी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली आणि काही महिन्यांत तडजोड झाली. एवढ्या मोठ्या ग्राहकाला कोर्टाची पायरी चढावी लागली, तर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास माणसांच्या युनिटने कुणाकडे जायचं?

वेर्ण्याचं नाव उगाच घेतलं नाही. तिथे औषधांचे कारखाने आहेत, आणि औषध कारखान्यात सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे नुसतं नवं इन्स्टॉल करणं नव्हे. इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचा अमेरिकी औषध प्रशासनाचा नियम १९९७ चा आहे. ज्यांचा माल तिकडे जातो त्यांना प्रत्येक नव्या प्रणालीचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती नीट चालते याची कागदोपत्री खात्री, करावं लागतं: बसवणी, कार्य आणि प्रत्यक्ष वापर यांच्या आयक्यू, ओक्यू, पीक्यू या तपासण्या, प्रत्येक पानावर सही आणि तारीख. शिवाय जुन्या बॅचच्या नोंदी मुदतभर वाचता आल्या पाहिजेत, त्या लिहिणारं सॉफ्टवेअर बंद झालं असलं तरी. क्यूएमधली (गुणवत्ता विभागातली) माणसं अशा वेळी रात्री घरी जात नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे.

फोंड्याच्या पतसंस्थेने आता क्लाउडवरचं पॅकेज घ्यायचं ठरवलं आहे. डेमो झाल्यावर सचिवांनी एकच प्रश्न विचारला: “उद्या तुमची कंपनी कुणी घेतली, तर आमच्या सभासदांची खाती आम्हाला कुठल्या फाइलमध्ये आणि किती दिवसांत परत मिळतील? ते करारात लिहून द्या.” आलेल्या तरुणाने वहीत प्रश्न टिपून घेतला आणि हेड ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. करारावर अजून सही झालेली नाही.