कर्ज कुणाचं, नाव कुणाचं

वऱ्हाडात कास्तकाराच्या घरी बसलं की कर्जाची गोष्ट बँकेपाशी संपत नाही. बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आलेलं असतं, लेकीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे उचललेले असतात. सोयऱ्याकडून घेतलेल्या पैशांची तर कुठे नोंदच नसते, पण ते आधी फेडावे लागतात; नाही तर पुढच्या कार्याला त्याच्यासमोर जायचं कसं?

या गुंत्याला इतिहास आहे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. 1860च्या दशकात इथे रयतवारी, म्हणजे शेतसारा थेट कास्तकाराकडून घेण्याची पद्धत, बसली आणि एकेका शेताला खातेदार ठरला. जमीन कुणाच्या तरी नावावर आली, तशी ती गहाण टाकणंही सोपं झालं. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवीने कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपलं, भाव पडले. रेल्वे नागपूरला पोचली ती त्यानंतर, 1867 मध्ये. कापूस इथेच राहिला आणि त्याच्या भरवशावर काढलेलं कर्जही.

पण खातेदार म्हणजे सगळं गाव नव्हे. पाडव्याला साल धरणारा सालदार, किलोमागे मजुरी घेणारी वेचणीवाली, बटईने शेत करणारा हे त्या कागदात नव्हतेच. जात ही श्रमाची नुसती विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, असं बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये मांडलं. शेत कुणाच्या नावावर आणि निंदण कुणाच्या हाती, हे नुसत्या बाजारभावावरून कळत नाही.

2008 ची केंद्राची कर्जमाफी या अंगाने पाहण्यासारखी आहे. 2 हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे जवळपास पाच एकरांपर्यंतच्या, शेतकऱ्याचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झालं; त्याहून जास्त जमीन असेल तर उरलेलं भरल्यावर साधारण 25 टक्के सवलत. यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू पाच-सात एकरांतून ओलिताच्या दोन एकरांइतकंही पिकेल याची हमी नसते. आणि सावकाराची चिठ्ठी या माफीत बसतच नव्हती. हिशेब चुकला नव्हता. ज्याचा हिशेब करायचा ते घरच नीट पाहिलं गेलं नव्हतं, असं मला वाटतं.

बहिणीच्या हिश्श्याचं घ्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. तरी वडील गेल्यावर कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. लाखमोलाची जमीन फुकट कोण सोडेल, असं अर्थशास्त्राचं पुस्तक विचारेल. पण सासरी काही बिनसलं तर जायला माहेरचं एकच दार असतं आणि ते भावाच्या घरचं. दिवाळीची बोळवण, बाळंतपण, लेकराच्या लग्नातला आहेर, सगळं त्याच दारातून येतं. ती जमीन फुकट सोडत नाही, त्या दाराची किंमत मोजते.

तीच बाई सासरी नवऱ्याच्या माघारी शेत कसते आणि पीककर्जासाठी बँकेत जाते. तिथे सातबारा मागतात, आणि त्यावर अजून सासऱ्याचंच नाव असतं.