नवजात बाळाची गुंगी आणि मेंदूच्या वाढीवरचा परिणाम

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत पूर्ण भूल द्यावी लागणार असे कळले की ‘बाळाला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्यात दोन निराळ्या काळज्या एकत्र झालेल्या असतात.

पहिली गुंगीची. भुलीची औषधे वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात, त्यामुळे पूर्ण भूल देऊन सिझेरियन केलेले बाळ कधीकधी सुस्त असते, हातपाय सैल सोडते, लगेच रडत नाही. डॉक्टर त्याला पुसून कोरडे करतात, पाठ चोळतात, गरज पडल्यास मास्कने श्वास देतात. पहिल्या मिनिटाला कमी भरलेला अपगार गुणांक (जन्मताच बाळाचा श्वास, ठोके, रंग, हालचाल पाहून दिलेले गुण) पाचव्या मिनिटापर्यंत बहुधा सुधारतो. औषध उतरले की गुंगीही उतरते.

दुसरी काळजी मेंदूच्या जडणघडणीची आहे आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. या तिमाहीत मेंदूतील पेशी एकमेकींशी झपाट्याने जोडल्या जात असतात. सेव्होफ्लुरेन, प्रोपोफॉल, केटामाइन यांसारखी औषधे पेशींमधली संदेशांची देवाणघेवाण दाबून टाकतात. ती तासन्‌तास दबलेली राहिली तर प्राण्यांच्या पिल्लांत काही पेशी आपोआप मरतात आणि पुढे शिकण्यात व स्मरणशक्तीत उणेपणा राहतो, असे प्रयोगांत आढळले आहे. याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2016 मध्ये इशारा दिला. तो 3 तासांहून अधिक चालणाऱ्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीबाबत, तीन वर्षांखालील मुले आणि शेवटच्या तिमाहीतील गर्भवतींसाठी आहे. कंबरेत सुई देऊन केलेल्या बधिरीकरणाची औषधे त्यात नाहीत.

सिझेरियनमध्ये भूल दिल्यावर बाळ सहसा काही मिनिटांतच बाहेर येते, म्हणून तो इशारा तिथे जसाच्या तसा लावणे मला चुकीचे वाटते. तान्ह्या बाळांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. तासाभराहून कमी पूर्ण भूल मिळालेल्या आणि जागेपणी फक्त बधिर केलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी फरक दिसला नाही. ही बाळे जन्मलेली होती, गर्भातली नव्हे, हे मात्र विसरू नये.

थांबू शकणारी शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करावी. अपेंडिक्सला सूज आली असेल तर मात्र भुलीच्या भीतीने थांबू नये, कारण ते फुटल्यास आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.