घरातील खोलीचे ध्वनिरोधन

बाहेरचा आवाज खोलीत येऊ नये आणि खोलीतला बाहेर जाऊ नये, म्हणून भिंती, दार, खिडकी, छत आणि जमीन यांत जी कामे केली जातात त्यांना ध्वनिरोधन म्हणतात. रोजच्या बोलण्यात याला ‘खोली साउंडप्रूफ करणे’ म्हणतात. घरून काम, ऑनलाइन शिकवणी, वाद्याचा रियाज, पॉडकास्ट किंवा ध्वनिपुस्तकाचे ध्वनिमुद्रण अशा कामांसाठी ते केले जाते. राहत्या घरात आवाज पूर्ण थांबत नाही, तो काही डेसिबलने उतरतो. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. म्हणून १० डेसिबलचा फरकसुद्धा मोठाच समजावा.

या विषयात सर्वांत जास्त पैसा आणि कष्ट वाया जातात ते एका गैरसमजापायी. आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. भिंतीवर चिकटवलेला स्पंजसारखा फोम किंवा अंड्यांचे ट्रे शेजारचा टीव्ही अडवत नाहीत. फोमने खोलीतल्या आवाजाचे घुमणे कमी होते, ट्रेने तेही फारसे होत नाही. जे सच्छिद्र आणि हलके आहे त्यातून हवा जाते, आणि हवेबरोबर आवाजही. उलट उघडी काँक्रीटची भिंत आवाज उत्तम अडवते, पण तिच्या आत बसून बोलले तर शब्द घुमतात. चांगल्या खोलीला दोन्ही गुण लागतात आणि ते वेगवेगळ्या साहित्याने आणावे लागतात.

फटी आणि दार. कामाची सुरुवात इथूनच करावी. रात्री खोलीत अंधार करून दार बंद करावे आणि बाहेरून कोणाला तरी विजेरी धरायला सांगावी. उंबरठ्याशी, बिजागरीच्या बाजूला, कुलपाच्या भोकातून जिथे उजेडाची रेघ दिसते, तिथून आवाजही येतो. ९० सेंमी रुंद दाराखाली १ सेंमी फट असेल तर तिचे क्षेत्रफळ दाराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. तरीही तेवढ्या फटीमुळे, दार कितीही जाड असले तरी, त्याचा रोध साधारण २३ डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही.

दाराचे महत्त्व एका हिशेबातून स्पष्ट होते. १० चौ. मी.ची एक बाजू घेऊ. त्यात ८ चौ. मी. भिंत ४५ डेसिबल अडवणारी आणि २ चौ. मी. पोकळ दार २० डेसिबल अडवणारे. दोन्ही मिळून रोध होतो फक्त २७ डेसिबल. आता भिंत दुप्पट जाड करून ती ५१ डेसिबलची केली, तरी एकूण आकडा २७ वरच राहतो. त्याऐवजी भिंतीला हात न लावता भरीव लाकडाचे, चौकटीला रबरी पट्ट्या लावलेले ३२ डेसिबलचे दार बसवले, तर तो ३८ वर जातो. म्हणजे सर्वांत कमकुवत भाग सुधारेपर्यंत बाकीचा खर्च व्यर्थ. चौकटीच्या कडेने कडक न होणारे सीलंट, तीन बाजूंना रबरी पट्टी आणि खाली दार लागताच आपोआप टेकणारी पट्टी, एवढ्याने घरातला मोठा फरक पडतो. विजेच्या बोर्डामागची भोके आणि पाइप भिंतीत शिरतो तिथली पोकळीही भरावी. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून असतील, तर भिंतीला तिथे प्रत्यक्ष खिडकीच असते.

वजन. हवेतून येणारा आवाज भिंतीला हलवतो आणि हलणारी भिंत पलीकडच्या हवेला हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. सैद्धांतिक नियमानुसार वजन दुप्पट केले की रोध सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि आवाजाची वारंवारिता (दर सेकंदाची कंपने, ती हर्ट्झमध्ये मोजतात) दुप्पट झाली तरीही तेवढाच वाढतो. म्हणूनच शेजारच्या गाण्याचे शब्द विरतात, पण ढोलाचा ठेका भिंतीतून येतच राहतो. खालचे सूर अडवणे हेच या कामातले खरे अवघड काम आहे. साहित्यावर छापलेला एसटीसी (साउंड ट्रान्समिशन क्लास, म्हणजे आवाज अडवण्याची श्रेणी) हा आकडा १२५ ते ४,००० हर्ट्झपर्यंतच मोजतो. त्याखालच्या घुमाऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

विलगीकरण. नुसते वजन वाढवत जाणे घरात परवडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटू न देणे. मूळ भिंतीपासून काही अंतर सोडून वेगळी चौकट उभी करतात, मधल्या पोकळीत रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) सैलसर भरतात आणि चौकटीवर जिप्सम बोर्डचे दोन थर लावतात. दोन बोर्डांच्या मधे कंप गिळणारा चिकट लेप दिला तर आणखी फायदा होतो. यात एक लांब स्क्रू जरी नव्या चौकटीतून जुन्या भिंतीत गेला, तरी कंपनाला पूल मिळतो आणि मेहनत बरीचशी फुकट जाते. पोकळी अरुंद ठेवली तर दोन थर आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखे डोलतात आणि एका ठरावीक खालच्या सुरावर रोध वाढण्याऐवजी घटतो. आधीच पोकळी असलेल्या पार्टिशनवर थोडे अंतर सोडून तिसरा थर चढवण्याची चूक याच कारणाने अंगाशी येते. जमीन, भिंती, छत सगळेच वेगळे करून ‘खोलीतील खोली’ बांधणे ही या पद्धतीची शेवटची पायरी. स्टुडिओत ती करतात. घरात जमिनीवर किती भार चालेल हे अभियंत्याला विचारल्याशिवाय ती करू नये.

खिडकीला आतून दुसरी काच बसवावी, जुनीपासून १० सेंमी किंवा अधिक अंतरावर आणि वेगळ्या जाडीची. ६ मिमी काच सुमारे २,००० हर्ट्झला अशक्त पडते. दोन्ही काचा सारख्या असल्या तर दोन्ही एकाच सुरावर हार मानतात. वरच्या मजल्यावरील पावलांचा आवाज मात्र खालच्या छतातून पुरता थांबत नाही. त्यावर खरा इलाज वरच्या जमिनीवर जाड गालिचा किंवा रबरी थर, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणे.

इतिहासातील दोन खोल्या. लेखक टॉमस कार्लाइल यांनी १८५३ मध्ये लंडनच्या चेल्सी भागातील घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी अभ्यासिका बांधवली. खर्च करूनही तिथे शांतता मिळाली नाही. जवळचा गोंगाट दबला की तोवर झाकलेले दूरचे आवाज उघडे पडतात, हे ध्वनिरोधन करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी १९१० मध्ये पॅरिसमधील शयनगृहाच्या भिंतींना बुचाचे अस्तर लावून घेतले. बूच हलके असते, त्यामुळे त्याचा खरा उपयोग घुमणे कमी करण्यापुरताच.

शोषण. याचे शास्त्र अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी घडवले. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक रेंगाळत असे. सबाइन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून ठेवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे चौ. मी. गुणिले तो आवाजाचा जेवढा अंश शोषतो तो, यांच्या बेरजेने) भागावे; उत्तर येते ते आवाज विरायला लागणारे सेकंद. म्हणजे खोली लहान आणि शोषण जास्त, तितके घुमणे कमी.

टाळी वाजवून पाहावी. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधून ‘टर्र’ असा थरथरता प्रतिध्वनी आला, तर त्यातल्या एका भिंतीवर तरी शोषक लावणे भाग आहे. शोषकाची जाडी महत्त्वाची. ५ सेंमी फोम वरचे सूर चांगले गिळतो, पण पुरुषी आवाजाचा मूळ सूर सुमारे १२० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर भरते. पातळ फोमने सगळ्या भिंती मढवल्या की वरचे सूर मरतात, खालचे उरतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा बोदा लागतो. कोपऱ्यांत १५ ते २० सेंमी जाडीचे रॉकवूलचे पॅनेल कापडात गुंडाळून उभे करणे कितीतरी उपयोगी. पुस्तकांचे भरलेले कपाट, जाड पडदे, गादी यांनीही काम भागते. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून केलेले ध्वनिमुद्रण अनेकदा महागड्या फोमच्या खोलीपेक्षा चांगले उतरते.

माइकपासून ३० सेंमीऐवजी १५ सेंमीवर बोलले, तर तोंडाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वर येतो आणि खोलीचा आवाज होता तिथेच राहतो. ध्वनिमुद्रणापूर्वी अर्धा मिनिट काहीही न बोलता ध्वनिमुद्रित करून हेडफोनवर ऐकावे. फ्रीजचा घरघराट, पंख्याचा वारा, संगणकाची गुणगुण तेव्हा कळते.

हवा आणि आग. फटी बुजवलेल्या खोलीत ताजी हवा येत नाही. तासाभरात डोके जड होते. आतून शोषक लावलेली, वळणे घेणारी हवेची नळी ठेवावी. पॉलियुरेथेनचा साधा पॅकिंग फोम भिंतीला कधीही लावू नये. तो क्षणात पेटतो आणि विषारी धूर सोडतो. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील नाइटक्लबात आतषबाजीची ठिणगी अशा फोमला लागून १०० माणसे मरण पावली, आणि २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरातील क्लबात २४२. आग रोखण्याचे प्रमाणपत्र असलेलेच साहित्य घ्यावे. दार कितीही जड असले तरी आतून एका हाताने उघडले पाहिजे.