रूळ ओलांडणाऱ्याची इच्छा

रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही मुंबईत लोक पादचारी पूल सोडून रुळांत उतरतात, आणि ते स्वतःच्या इच्छेने उतरतात असे आपण धरून चालतो. हार्बर मार्गावरील वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास झालेल्या एका प्रयोगाने ही समजूत डळमळीत केली. अवजड वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येत असल्याचा भास डोळ्यांना होतो. म्हणून तेथे रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवण्यात आले. ते पट्टे गाडीखाली भराभर नाहीसे होताना दिसले की वेगाचा अंदाज येतो. एका लांब भोंग्याऐवजी मध्ये क्षणभर शांतता ठेवून दोन आखूड भोंगे देण्याचे ठरले. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रेही लावली गेली. दंड वाढला नाही, उपदेश झाला नाही, पण मृत्यू घटले. मग उतरण्याची ती इच्छा कितपत उतरणाऱ्याची होती?

आपली कृती खरोखर आपणच ठरवतो का, या इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेत सहसा पुढे केला जातो तो अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ मधील प्रयोग. सहभागी व्यक्तीने वाटेल तेव्हा हाताची हालचाल करायची आणि तशी इच्छा झाली त्या क्षणी घड्याळासारख्या तबकडीवरचा ठिपका कुठे होता, ते लक्षात ठेवायचे. इच्छेची जाणीव हालचालीपूर्वी सुमारे ०.२ सेकंद होत असे; मेंदूतील पूर्वतयारीचा विद्युत संकेत मात्र सुमारे अर्धा सेकंद आधीच सुरू झालेला असे. यावरून निर्णय मेंदू घेतो आणि आपल्याला तो नंतर कळवला जातो, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा होता, असे मला वाटते. मेंदूसंशोधक आरोन शर्गर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की मेंदूतील विद्युत क्रियेचे चढउतार आपोआप एका मर्यादेपर्यंत पोहोचले आणि अनेक नोंदींची सरासरी काढली, तरी असाच चढता आलेख मिळू शकतो. त्यासाठी आधी झालेला निर्णय गृहीत धरावा लागत नाही. शिवाय बोट आता हलवले काय किंवा क्षणभराने हलवले काय, कोणाचे काहीच बिघडत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात खरी देणगी कोणत्या संस्थेला द्यायची हे सहभागींनी ठरवायचे होते. निवडीने काहीच फरक पडत नव्हता तेव्हा तो संकेत दिसला. विचारपूर्वक निवड करताना तो जवळजवळ दिसलाच नाही. नीतीचा प्रश्न उद्भवतो तो याच दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांत.

इच्छास्वातंत्र्यावरचा विश्वास उडाला तर माणसे बेबंद वागतील, ही भीतीही फारशी टिकलेली नाही. इच्छास्वातंत्र्य नसतेच असा मजकूर वाचलेल्यांनी अधिक लबाडी केल्याचे २००८ च्या एका अभ्यासात आढळले होते, परंतु पुढे तो प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसा परिणाम मिळाला नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अमेरिकेतील एका चाळिशीच्या शिक्षकाचे लैंगिक वर्तन एकाएकी विकृत झाले आणि तपासणीत त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ सापडली. हे प्रकरण २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गाठ काढल्यावर ती वासना गेली. गाठ पुन्हा वाढली तेव्हा ती परतली. आपण करतो ते वाईट आहे हे त्याला ठाऊक होते, पण त्याला स्वतःला आवरता येत नव्हते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये मनोविकलतेचा बचाव आहे खरा. मात्र कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा असल्याचे आरोपीला कळू शकत होते का, एवढीच कसोटी ते लावते. केवळ अनावर ऊर्मी हा आपल्याकडे बचाव ठरत नाही. कळणे आणि आवरता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. दुसरीला मेंदूचा पुढचा भाग मोठ्या प्रमाणात आधार देतो आणि ती आजाराने, वयाने, नशेने कमीजास्त होते. स्वातंत्र्य आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा या दुसऱ्या क्षमतेचे मोजमाप न्यायालयाने कोणत्या पुराव्याने करावे, याचा वाद मला अधिक निकडीचा वाटतो.