प्रिंटहेडची घरगुती सफाई

इंकजेट प्रिंटरच्या ज्या भागातून शाई सूक्ष्म थेंबांच्या रूपाने कागदावर पडते, त्यास प्रिंटहेड किंवा बोलण्यात नुसते ‘हेड’ म्हणतात. याची छिद्रे केसाच्या जाडीहूनही बारीक असतात आणि ती वाळलेल्या शाईने बुजली असता घरच्या घरी मोकळी करता येतात. शाईत पाणी, रंगद्रव्य आणि सुकणे लांबवणारी ग्लायकोलसारखी द्रव्ये असतात; पाणी उडून गेले की उरलेला चिकट भाग छिद्राच्या तोंडाशी घट्ट होतो.

विदर्भाच्या ग्रामीण भागात ही अडचण उन्हाळ्यात विशेष जाणवते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारची हवा अत्यंत कोरडी असते आणि येथील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने कार्यालयातला प्रिंटर सुटीभर बंद पडून राहतो. प्रवेशाच्या दिवसांत दाखले काढायला बसावे, तर पिवळा रंग गायब आणि काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा, असा अनुभव येतो. छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड आपल्या जागी परत जात नाही आणि रबरी टोपीविना उघडे राहते. हेही बुजण्याचे मोठे कारण आहे.

सफाईपूर्वी निदान करावे. नोझल चेकचे पान, म्हणजे सर्व छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारे रेघांचे चाचणी-पान, दोन-तीनदा काढून पाहावे. प्रत्येक वेळी त्याच जागी रेघ तुटत असेल, तर छिद्र बुजले आहे. तुटण्याची जागा बदलत असेल, तर नळीत किंवा हेडमध्ये हवा शिरली असण्याचा संभव अधिक. हा भेद न पाहता हेड क्लीनिंगचा, म्हणजे प्रिंटरने स्वतःच हेड साफ करण्याचा, आदेश वारंवार देणे हीच सर्वांत सामान्य चूक होय, कारण दरवेळी बरीच शाई वाया जाऊन आतल्या टाकाऊ शाईच्या स्पंजात मुरते आणि तो भरला की प्रिंटर कामच थांबवतो. दोन-तीनदा आदेश देऊन फरक पडला नाही, तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. तेवढ्यात शाई मऊ होते किंवा हवेचे बुडबुडे सरकतात.

पुढची रीत हेडच्या प्रकारावर ठरते. काही प्रिंटरांत हेड काडतुसालाच, म्हणजे शाईच्या कार्ट्रिजलाच, जोडलेले असते. असे काडतूस काढून, कोमट शुद्ध पाण्याने ओलावलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडावर त्याची छिद्रांची बाजू काही मिनिटे टेकवून ठेवावी. कापडावर प्रत्येक रंगाचा स्वच्छ पट्टा उमटू लागला, म्हणजे छिद्रे उघडली असे समजावे. तांब्याच्या संपर्कपट्ट्यांना पाणी लागू देऊ नये. शाईच्या टाकीच्या अनेक प्रिंटरांत हेड कायमचे बसवलेले असते. तेथे प्रिंटर बंद करून, घडी केलेले ओले कापड हेडखाली सरकवून काही तास ठेवतात आणि रबरी टोपीतही पाण्याचे काही थेंब सोडतात. कापूस वापरू नये, त्याचे तंतू छिद्रांत अडकतात.

पाण्याची निवड महत्त्वाची आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते आणि ते सुकले की क्षार मागे राहून छिद्रे पुन्हा बुजतात. म्हणून बॅटरीत टाकण्याचे शुद्ध पाणी आणावे. मात्र दुकानात त्याच्याच शेजारी बॅटरीचे ॲसिडही मिळते, तेव्हा बाटली नीट पाहून घ्यावी. ॲसिटोनने प्लास्टिक व रबर खराब होते. सिरिंजने जोराने पाणी दाबल्यास हेडचे आतले थर सुटू शकतात. वाळलेली शाई भिजून सुटते, ताकदीने नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तर बहुतेक हेड वाचतात.

बुजू नये म्हणून आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे पान छापावे, सुटीतही कोणाला तरी ते काम सोपवावे, आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने नव्हे तर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे हेड टोपीवर जाऊन बसते. उष्णतेवर चालणारे हेड शाईविना चालून जळाले असेल, तर मात्र सफाईचा उपयोग नसतो; तेथे काडतूस किंवा हेड बदलावेच लागते.