एका जन्माच्या दोन तारखा

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. अडीच वर्षांच्या मनोरमेचाही त्याच दिवशी. चरित्रांत हीच तारीख ठळक असते आणि इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला तोही याच बातमीने. बाईंचा स्वतःचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांच्या लेखी खरा नवा जन्म १८९१ च्या सुमाराचा.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला उभे राहणारे लोक आजही असेच बोलतात. "बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण तारण मिळालं ते अमुक साली." ऐकणाऱ्यांना यात काही वावगे वाटत नाही. पण जन्म एक आणि तारखा दोन, हे आले कुठून?

मूळ गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहुद्यांचा एक अधिकारी, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला म्हणतो, "नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही." निकदेम गोंधळतो. म्हातारा झालेला माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा शिरेल, असे विचारतो. या गोंधळाला कारण आहे. ग्रीकमधला 'अनोथेन' हा शब्द 'नव्याने' असाही लागतो आणि 'वरून' असाही. येशू वरून होणाऱ्या जन्माबद्दल बोलतो आहे, निकदेमाच्या कानावर फक्त 'पुन्हा' पडते. दोन्ही अर्थ एका शब्दात मावणे मराठीत शक्य नव्हते, म्हणून आपल्याकडे 'नव्याने' आले. लॅटिन बायबलनेही तीच बाजू घेतली होती. निकदेमाने केलेली चूक पुढे भाषांतरांनी कायम केली, असे गमतीने म्हणता येईल.

पुढच्याच वाक्यात येशू हा जन्म "पाण्यापासून व आत्म्यापासून" होतो असे सांगतो. पुढच्या दोन हजार वर्षांचा वाद या 'व' मध्ये आहे. पाणी आणि आत्मा एकाच क्षणी, की पाणी आधी आणि आत्मा आपल्या वेळेने?

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न फारसा पडला नाही. इसवी सन १५५ च्या आसपास जस्टिन मार्टरने रोमन सम्राटाला उद्देशून आपल्या पंथाची बाजू लिहिली. विश्वास धरणाऱ्यांना आम्ही पाणी असेल तिथे नेतो आणि तिथे त्यांचा नवा जन्म होतो, असे तो सरळ सांगतो. रोमच्या लॅटरन बाप्तिस्मागृहात पाचव्या शतकातल्या लॅटिन ओळी कोरलेल्या आहेत. आठ खांबांच्या माथ्यावरून त्या कुंडाभोवती फिरतात. देवाच्या श्वासाने ज्यांचा गर्भ राहिला त्या लेकरांना मंडळी, म्हणजे चर्चरूपी आई, प्रवाहात जन्म देते, असा त्यांतल्या एका द्विपदीचा आशय. आईच्या उदरात पुन्हा कसे शिरायचे, या निकदेमाच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर कोणी दिलेले नाही. कुंड हेच उदर.

तोवर बाप्तिस्मा घेणारे बरेचसे प्रौढ असत. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ होत गेला तशी अडचण उभी राहिली. पाळण्यातल्या जिवाने कसला पश्चात्ताप करायचा? ऑगस्टिन या धर्मपंडिताचे उत्तर असे की, आदामाचे पाप बाळही घेऊनच येते, तेव्हा नवा जन्म त्यालाही हवा. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने आदामाचे पाप बाळाला लागत नाही असे म्हणणाऱ्या पेलॅगियसच्या शिकवणीविरुद्ध हेच मत उचलून धरले. त्यानंतर युरोपात हजारभर वर्षे नव्या जन्माची तारीख साधारणपणे पहिल्या जन्माच्या मागोमाग येत राहिली.

१५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. बाळपणीचा आम्ही धरतच नाही, असे त्यांचे म्हणणे. नगरसभेने अशा बाप्तिस्म्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झचे हात बांधून, ते गुडघ्यांखाली ओढून, मध्ये काठी अडकवून त्याला लिमात नदीत ढकलले. पाण्यासाठी भांडणाऱ्याला पाण्याचीच शिक्षा. न्यायाधीशांना हे सुचले याची आजही शिसारी येते.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने बाळांचा बाप्तिस्मा ठेवला, पण १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत लिहिले की, आपल्यातला जुना आदाम रोज बुडून मेला पाहिजे आणि रोज नवा माणूस उठला पाहिजे. त्याच्या हिशेबात एकच एक तारीख उरतच नाही. त्याच्याच परंपरेतल्या भक्तिवाद्यांना, म्हणजे अंतःकरणातल्या अनुभवावर भर देणाऱ्यांना, मात्र ती हवी होती. आउगुस्ट हेर्मान फ्रांके १६८७ साली ल्यूनेबुर्गमध्ये श्रद्धेवर प्रवचन तयार करायला बसला आणि ती श्रद्धा आपल्यापाशीच नाही हे जाणवून हादरला. गुडघे टेकून प्रार्थना केली आणि शंका हाताने पुसावी तशी गेली, असे त्याने लिहून ठेवले. याच फ्रांकेच्या हाले गावातून त्सिगेनबाल्ग हा मिशनरी निघाला आणि १७०६ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, तरंगमबाडीला उतरला.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने तर घड्याळाची वेळही नोंदवली: २४ मे १७३८, लंडनची आल्डर्सगेट स्ट्रीट, रात्री पावणेनऊच्या सुमारास. तिथे ल्यूथरचे लिखाण वाचले जात असताना त्याच्या अंतःकरणात अनोखी ऊब भरली. तेव्हा तो दहा वर्षे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा, धर्मगुरू होता. पुढे एका प्रवचनात त्याने सांगून टाकले की, बाप्तिस्मा आणि नवा जन्म एक नव्हेत.

अँग्लिकन चर्चमध्ये यावर शंभर वर्षांनी कोर्टकचेरी झाली. गॉरहॅम नावाच्या धर्मगुरूला बाळाचा नवा जन्म पाण्याने आपोआप होतो हे मान्य नव्हते, म्हणून एक्सेटरच्या बिशपने त्याची नेमणूक अडवली. १८५० साली प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायमंडळाने गॉरहॅमच्या बाजूने निकाल दिला. त्याच बिशपच्या हद्दीत, कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी, विल्यम हॅस्लम हा पक्का चर्चनिष्ठ, संस्कारांवर भर देणारा धर्मगुरू होता. १८५१ साली व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन देता देता तो पालटला आणि श्रोत्यांतून कोणीतरी ओरडले, पाद्रीबाबांचं परिवर्तन झालं!

या हॅस्लमचे आत्मकथन रमाबाईंच्या हाती पडले. ज्या वाँटेजच्या भगिनींकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या संस्कारांवर भर देणाऱ्या, पाण्यानेच नवा जन्म होतो असे मानणाऱ्या पक्षाच्या. आणि ज्या पुस्तकाने त्यांना आठ वर्षांनी अस्वस्थ केले, ते पलीकडच्या, मनाच्या पालटावर भर देणाऱ्या पक्षाला जाऊन मिळालेल्या माणसाचे. इंग्लंडातले भांडण असे एका मराठी बाईच्या आयुष्यात येऊन दोन तारखा मागे ठेवून गेले. रमाबाई ते निमूटपणे स्वीकारणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे वाँटेजच्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की कळते. तिथे त्या मुद्द्यामुद्द्याला हुज्जत घालतात.

मराठीत या कल्पनेला आणखी एक अडचण होती. 'पुनर्जन्म' म्हटले की चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात, म्हणून ख्रिस्ती मराठीने 'नवा जन्म' जवळ केला. ग्रीक वाचकालाही असाच चकवा बसत असणार. तीताला लिहिलेल्या पत्रात 'नव्या जन्माचे स्नान' येते, तिथे मूळ शब्द 'पालिंगेनेसिया' आहे, आणि प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तोच शब्द आत्म्याच्या पुन्हा देह धरण्यासाठी वापरला आहे. 'द्विज' हा तर आपल्याकडे तयारच होता. पण मनुस्मृतीप्रमाणे मुंजीने होणारा हा दुसरा जन्म पुरुषांचा. स्त्रीसाठी विवाह हाच तो संस्कार. रमाबाई मनू कोळून प्यायल्या होत्या. ब्राह्मणाच्या घरात जन्मूनही स्वतःच्या नावावर दुसरा जन्म नसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

१९०५ च्या जूनमध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात धार्मिक जागृती झाली. मुली रात्र रात्र रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत. यांतल्या पुष्कळ जणींचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता, पालटल्याची साक्षही दिलेली होती. आता त्यांना पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा हवा होता, म्हणजे तिसरी तारीख. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या व्हाल्पाराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे धाडली. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ साली तसेच रडणे-प्रार्थना सुरू झाले. चिलीतले पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर भर देणारे लोक आपली सुरुवात तिथून धरतात.